आयसीयूच्या चार्टवर जिभेचीही नोंद हवी

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णाची जीभ सुजून दातांच्या बाहेर आलेली पाहून हादरलेले नातेवाईक अलीकडे माझ्याकडे वारंवार चौकशीला येतात. बेळगावात आयसीयूची परिचारिका म्हणून काम करून मी निवृत्त झाले आहे. माहेर खानापूर तालुक्यातले असल्यामुळे निपाणीपासून लोंढ्यापर्यंतच्या ओळखीपाळखीच्या लोकांचे फोन येत असतात. डॉक्टरांनी चुकीचे इंजेक्शन दिले का, विष अंगात भिनले का, जीभ बाहेर आली म्हणजे आता आशा सोडायची का, हे त्यांचे ठरलेले प्रश्न. या प्रश्नांची उत्तरे फोनवर एकेकाला देण्यापेक्षा आपल्या दैनिकातून सर्वांसमोर मांडावीत आणि त्याबरोबरच आपल्या भागातील रुग्णालयांकडे एक साधी मागणी करावी, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

श्वास बंद पडू लागलेल्या रुग्णाच्या तोंडातून श्वासनळीत जी नळी घालतात, तिला आम्ही ईटी ट्यूब म्हणतो. प्रौढ स्त्रीसाठी साधारण सात ते साडेसात आणि पुरुषासाठी आठ मिलिमीटर आतला व्यास असलेली ही नळी दातांपाशी 21 ते 23 सेंटिमीटरच्या खुणेवर ठेवून फितीने किंवा चिकटपट्टीने बांधतात. ती जिभेवरून घशात उतरते, आणि रुग्ण गुंगीत असल्यामुळे जीभ तिच्याखाली नुसती पडून राहते. जागा माणूस दिवसभर जीभ हलवतो, थुंकी गिळतो, काही टोचले की जीभ बाजूला घेतो. गुंगीतल्या रुग्णाला यातले काहीच करता येत नाही. नळी, दात आणि तोंडात ठेवलेला कडक प्लास्टिकचा तुकडा यांच्यामध्ये जिभेचा एकच भाग तासन्‌तास दाबलेला राहिला, तर आधी तिच्यातल्या शिरा चेपतात. शिरांमधील दाब कमी असल्यामुळे त्या लवकर मिटतात. धमन्यांमधील दाब मात्र जास्त असल्याने रक्त आत येतच राहते. येणारे रक्त चालू आणि परतीची वाट बंद, अशी अवस्था झाली की रक्तातील पाणी झिरपून जिभेच्या मांसात साचते. घट्ट काकण चढवलेला हात सुजला की तेच काकण आणखी रुततं, तसेच येथे होते: फुगलेली जीभ दातांच्या ओळीबाहेर येते, दात तिच्या मुळाशी रुततात आणि सूज आणखी वाढते.

साठ-सत्तर ग्रॅम वजनाचा हा अवयव दुप्पट-तिप्पट झालेला पाहणे घरच्यांना असह्य होते, यात नवल नाही. बाहेर राहिलेला भाग कोरडा पडतो, त्याला चिरा जातात, रक्त येते, कधी तो जांभळा-काळा होतो. परंतु बहुतेक वेळा हे विषही नसते आणि मरणाची खूणही नसते. हा दाबाचा परिणाम आहे आणि वेळीच पाहिले तर तो बहुतांशी टाळता येतो, हे मला येथे ठासून सांगायचे आहे.

बहुतांशी म्हटले, कारण प्रत्येक सूज नळीमुळे येत नाही. रक्तदाबासाठी एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल यांसारख्या गोळ्या घेणाऱ्या काही थोड्या लोकांना ओठ, जीभ आणि घसा यांची सूज येते. ती गोळी सुरू केल्यावर काही दिवसांत येऊ शकते, तशीच वर्षानुवर्षे गोळी बिनतक्रार सोसल्यानंतरही एखाद्या दिवशी अचानक येऊ शकते, आणि काही तासांतच वाढते. नेहमीच्या ॲलर्जीच्या इंजेक्शनांना ही सूज फारशी दाद देत नाही. ती गोळी कायमची बंद करणे हाच त्यातला पहिला उपाय. पक्षाघाताच्या रुग्णाला मेंदूतील गुठळी विरघळवण्याचे औषध दिल्यानंतरही कधीकधी जिभेची एकच बाजू सुजते, आणि वरील गोळ्या घेणाऱ्यांत हे अधिक दिसते. म्हणून रुग्णाला दवाखान्यात नेताना घरातील चालू गोळ्यांची पाकिटे, अगदी रिकामी झालेलीसुद्धा, पिशवीत घालून न्यावीत. ‘बीपीची पांढरी बारकी गोळी’ एवढ्या माहितीवर रात्री दोन वाजता ड्युटीवरच्या डॉक्टरांनी काय ओळखावे?

आपल्या भागात या विषयाला एक वेगळी बाजू आहे. मोठ्या शहरांतील आयसीयूत व्हेंटिलेटरवर प्रामुख्याने वृद्ध आणि जुनाट आजारांचे रुग्ण असतात. आपल्याकडे त्यांच्याबरोबरच धडधाकट शेतकरी, शेतमजूर आणि त्यांची मुलेही असतात. पिकावर फवारायचे कीटकनाशक पोटात गेलेले किंवा फवारताना अंगावर सांडून बाधलेले रुग्ण हा त्यातला मोठा गट. ऑर्गेनोफॉस्फरस जातीच्या विषात सुरुवातीला तोंडातून लाळेचा लोट येतो. त्यावर ॲट्रोपिन हे उताऱ्याचे औषध दिल्यानंतर तेच तोंड कोरडे ठणठणीत पडते. रुग्ण सावरला असे वाटत असतानाच, साधारण एक ते चार दिवसांच्या अवधीत, मानेचे आणि श्वासाचे स्नायू पुन्हा लुळे पडू शकतात आणि मग एक-दोन आठवडे किंवा त्याहूनही अधिक काळ व्हेंटिलेटर लागतो. कोरडी जीभ, लुळे स्नायू आणि लांबलेला मुक्काम या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर जीभ दुखावण्यास आणखी कशाची गरज उरत नाही.

दुसरा गट सर्पदंशाचा. पावसाळ्यात खानापूर, चंदगडच्या बाजूला जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते; दंशाची जागा दुखत नाही, सूज नसते, आणि पहाटे पापण्या उघडेनाशा होतात. पुढे श्वासाचे स्नायू बंद पडले की नळी घालावी लागते. येथे एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. मण्यारीचे विष स्नायूंना मिळणारे संदेश तोडते, परंतु शुद्धीला धक्का लावत नाही. पापणीही न हलवू शकणारा हा रुग्ण ऐकत असतो, आणि दाताखाली चेपलेली जीभ त्याला दुखत असते. गुंगीचे औषध पुरेसे नसेल तर तो सर्व काही सोसत पडून असतो. मण्यारीच्या दंशातून सहीसलामत उठलेल्या एका तरुणाने, आवाज परत आल्यावर, पहिली तक्रार छातीची केली नव्हती आणि दंशाचीही केली नव्हती. ‘उजव्या बाजूची दाढ जिभेत घुसत होती, कुणाला सांगायचं तेच कळंना’ असे तो म्हणाला होता. विषबाधेचे आणि सर्पदंशाचे हे रुग्ण बहुधा तरुण असतात, वेळेवर उपचार मिळाले तर पूर्ण बरे होऊन घरी जातात, आणि त्यांना पुढची तीस-चाळीस वर्षे बोलायचे, जेवायचे असते. त्यांच्या जिभेची हेळसांड ही किरकोळ बाब ठरवता येणार नाही.

तिसरी अडचण आपली आपणच तयार केलेली आहे. निपाणी ही तंबाखूची पेठ, आणि तंबाखू-गुटख्याची सवय या साऱ्या पट्ट्यात घरोघरी. वर्षानुवर्षे सुपारी-गुटखा चघळणाऱ्यांच्या गालाचे आतले अस्तर आखडते आणि तोंड दोन बोटांपेक्षा अधिक उघडत नाही. अशा तोंडात नळी घालताना भूलतज्ज्ञाची कसोटी लागते हे आपण ऐकतो. परंतु घातल्यानंतर त्या तोंडात बॅटरीचा उजेड टाकून जीभ पाहणे, ब्रश फिरवणे, नळीची जागा बदलणे हे रोजच्या रोज सिस्टरला करायचे असते, आणि ते किती कठीण जाते हे करणारीलाच ठाऊक. त्यात एखादा अर्धा तुटलेला, टोकदार दात असला तर जिभेला रोज नवी जखम होते.

रुग्णाच्या प्रवासाचाही येथे संबंध येतो. निपाणीचा रुग्ण कोल्हापूरला जातो किंवा बेळगावला येतो, अथणी-कागवाडचे लोक मिरजेची वाट धरतात, खानापूरचा रुग्ण बेळगावला नाहीतर घाट उतरून गोव्यात बांबोळीला जातो. तालुक्याच्या गावी नळी घालून अँब्युलन्समध्ये चढवताना ती रस्त्यातील खड्ड्यांनी निसटू नये म्हणून फीत करकचून बांधतात, रुग्णाने नळी चावू नये म्हणून तोंडात कडक प्लास्टिकचा वाकडा एअरवे घालतात, आणि त्या प्रवासापुरते ते योग्यच असते. नळी रस्त्यात निसटली तर जीव जाईल. जिभेचे नंतर पाहता येते. चूक पुढे होते. मोठ्या दवाखान्यात पोहोचल्यावर रक्तदाब, ऑक्सिजन, लघवी, रक्ताच्या तपासण्या यांची धावपळ सुरू होते आणि तो एअरवे, ती करकचलेली फीत तशीच राहते. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी ती कोणी बदलायची, हे ठरलेले नसते. डॉक्टरांना वाटते सिस्टर पाहतील, सिस्टरला वाटते भूलतज्ज्ञांनी ठेवले आहे तर कारण असेल.

कोविडच्या काळात हा प्रश्न जगभर ठळकपणे पुढे आला. फुफ्फुसे निकामी होत चाललेल्या रुग्णाला पोटावर पालथे झोपवल्यास जीव वाचण्याची शक्यता वाढते, हे फ्रान्समधील मोठ्या अभ्यासाने 2013 मध्येच दाखवले होते. त्यात रुग्णांना सलग किमान सोळा तास पालथे ठेवले जात असे. 2020 आणि 2021 मध्ये सर्वत्र हीच पद्धत वापरली गेली आणि तिने असंख्य जीव वाचवले. परंतु पालथ्या रुग्णाचे तोंड खाली, जीभ खाली, आणि अंगातले पाणीही उताराने तिकडेच. 2021 मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथील तोंड व जबड्याचे शल्यचिकित्सक जेम्स मेलव्हिल यांनी कोविडमधून वाचलेल्या, पण जीभ अतोनात मोठी राहिल्याने खाता-बोलता न येणाऱ्या रुग्णांवर जीभ लहान करण्याच्या शस्त्रक्रिया केल्याचे जाहीर झाले, तेव्हा या विषयाची चर्चा झाली. अशी शस्त्रक्रिया लागणे हे दुर्मीळ आहे. बहुतेकांची सूज दाब काढल्यावर काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत उतरते. तरीही जगाच्या दुसऱ्या टोकाला, साधनसामग्रीची वाण नसलेल्या दवाखान्यांतही हे घडले, यावरून हा प्रश्न पैशापेक्षा लक्ष देण्याचा आहे हे ध्यानात यावे.

आता लक्ष देणे म्हणजे नेमके काय, ते सांगते, कारण नातेवाइकांना आयसीयूच्या काचेआड काय चालते ते कधी दिसत नाही.

नळीची बाजू बदलण्याचे काम एकटीचे नाही. एक सिस्टर ओठांपाशी नळी दोन बोटांत घट्ट धरून ठेवते आणि ती बोटे काम संपेपर्यंत सुटत नाहीत. दुसरी आधी घशात साचलेली लाळ सक्शनने ओढून घेते, जुनी फीत कापते, दातांपाशी कोणता आकडा आहे तो मोठ्याने वाचते. मग बॅटरीच्या उजेडात जीभ वर, खाली आणि दोन्ही कडांनी पाहायची: दातांचे वण उमटलेत का, रंग गुलाबी आहे की निळसर, टोक दातांच्या आत आहे की बाहेर. लहान मुलांच्या मऊ ब्रशने दात आणि जीभ हलक्या हाताने घासायची, पाण्याने ओलावा द्यायचा, ओठांना मलम लावायचे. नंतर नळी उजव्या कोपऱ्यातून डाव्या कोपऱ्यात आणायची, जीभ बोटाने सांभाळून दातांच्या आत बसवायची आणि नवी फीत अशी बांधायची की तिच्याखाली एक बोट सरकले पाहिजे. आकडा तोच आहे ना हे पुन्हा पाहायचे, छातीच्या दोन्ही बाजूंना स्टेथोस्कोप लावून हवा सारखी जाते का ते ऐकायचे, आणि नळीच्या आतल्या टोकाशी, श्वासनळीत ती घट्ट बसावी म्हणून असलेल्या फुग्यातील दाब 20 ते 30 सेंटिमीटर पाण्याइतका आहे याची खात्री करायची. दिवसातून एकदा तरी, शक्यतो प्रत्येक पाळीला, हे व्हावे. पालथ्या रुग्णाची मान दर दोन ते चार तासांनी एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळवावी लागते. उताण्या रुग्णाला मान छातीकडे दुमडेल अशी उंच उशी देऊ नये, कारण त्याने गळ्यातील शिरा दबतात. त्याऐवजी पलंगाचा डोक्याकडचा भागच 30 अंशांवर किंवा त्याहून थोडा वर उचलावा.

तोंड घासण्याचा फायदा जिभेपुरताच नाही. घाण तोंडातील जंतू नळीच्या कडेने उतरून न्यूमोनिया करतात. पूर्वी आम्ही सर्वत्र क्लोरहेक्झिडीनच्या औषधी पाण्याने तोंड पुसत असू आणि तेवढ्यावर समाधान मानत असू. 2022 च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांत ते पाणी वगळून साध्या ब्रशने दात घासण्यावर भर दिला आहे. दहा-वीस रुपयांचा ब्रश महागड्या औषधापेक्षा सरस ठरावा याचा मला, एक जुनी परिचारिका म्हणून, आनंदच झाला.

हे सारे वाचायला सोपे, करायला वेळ मागणारे आहे. व्हेंटिलेटरवरील प्रत्येक रुग्णामागे प्रत्येक पाळीला एक परिचारिका असावी असे भारतीय परिचर्या परिषदेचे मानक आहे. प्रत्यक्षात एका मुलीकडे तीन-चार खाटा असतात, त्यांतील दोन व्हेंटिलेटरच्या, आणि तिचे वय बाविशीच्या आसपास. तिच्या पगाराविषयी मी येथे लिहीत नाही, तो स्वतंत्र पत्राचा विषय आहे. जीभ सुजली म्हणून त्या मुलीच्या अंगावर धावून जाणाऱ्या नातेवाइकांना माझी विनंती आहे की त्यांनी व्यवस्थापनाला माणसे वाढवण्याविषयी विचारावे.

नातेवाइकांकडून आणखी दोन गोष्टी घडतात, त्या टाळल्या पाहिजेत. पहिली म्हणजे नळी काढण्याचा आग्रह. ‘जीभ कशी सुजल्या बघा की, आधी ती नळी काढा’ हे मी कितीतरी वेळा ऐकले आहे. नळीमुळे सूज आली, मग नळी काढली की सूज जाईल, हा हिशेब वरवर बरोबर दिसतो. परंतु त्या क्षणी सुजलेल्या जिभेमागचा श्वासाचा रस्ता उघडा ठेवणारी एकमेव वस्तू ती नळीच असते. ती काढली आणि जीभ मागे पडली तर काही मिनिटांत श्वास कोंडतो, आणि त्या अवस्थेत पुन्हा नळी घालणे निष्णात भूलतज्ज्ञालाही जमेल याची शाश्वती नसते. म्हणून डॉक्टर आधी नळीचा फुगा सोडून कडेने हवा जाते का ते पाहतात, आणि जात नसेल तर थांबतात. हे थांबणे म्हणजे बिल वाढवणे नव्हे.

अशा वेळी गळ्यातून छोटा छेद देऊन, म्हणजे ट्रॅकिओस्टॉमी करून, नळी तेथे बसवण्याचा सल्ला दिला जातो आणि आपल्याकडे त्याला हटकून नकार मिळतो. गळ्याला भोक पाडले की माणूस कायमचा मुका होतो, अशी समजूत घट्ट आहे. तसे होत नाही. नळीची गरज संपल्यावर ती काढतात, छिद्र बहुधा काही दिवसांत ते एक-दोन आठवड्यांत आपोआप बुजते, आणि स्वरयंत्राला इजा नसेल तर आवाज परत येतो. ट्रॅकिओस्टॉमी कधी करावी यावर डॉक्टरांमध्येही चर्चा असते. ब्रिटनमध्ये 2013 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत पहिल्या चार दिवसांत केलेली आणि दहा दिवसांनंतर गरजेनुसार केलेली यांत मृत्यूंच्या प्रमाणात फरक आढळला नाही. त्यामुळे सरसकट घाई करण्याचे कारण नाही. परंतु जीभ सुजलेली असेल आणि व्हेंटिलेटर लवकर सुटण्याची चिन्हे नसतील, तर हा निर्णय लांबवू नये असे माझे अनुभवाअंती मत आहे, कारण गळ्यातील नळी तोंड पूर्ण मोकळे करते. दाब गेल्यावर जीभ ओल्या गॉजमध्ये गुंडाळून, हलका दाब देत आत बसवता येते. इतके दिवस दगडासारखी झालेली जीभ एक-दोन दिवसांत मऊ पडलेली आम्ही पाहिली आहे.

दुसरी गोष्ट श्रद्धेची असल्यामुळे जपून लिहिते. सौंदत्तीच्या यल्लम्माचा भंडारा, देवाचे तीर्थ, मध, तूप हे जिभेवर ठेवू द्या, असा आग्रह भेटीच्या वेळी धरला जातो. गिळता न येणाऱ्या रुग्णाच्या जिभेवर ठेवलेले काहीही घशात ओघळते आणि फुग्याच्या कडेने फुफ्फुसांत उतरू शकते. भंडारा कपाळाला लावावा, देवी तेवढ्याने कोपणार नाही. आयसीयूच्या सिस्टर त्याला सहसा हरकत घेत नाहीत.

आता रुग्णालयांकडे असलेली मागणी. आयसीयूच्या मोठ्या चार्टवर तासागणिक नाडी, रक्तदाब, लघवी, ऑक्सिजन यांचे रकाने असतात. त्यात एक ओळ जिभेची असावी. नळी कोणत्या कोपऱ्यात आहे, कोणत्या आकड्यावर आहे, जीभ दातांच्या आत आहे की बाहेर, रंग कसा, जखम आहे की नाही, आणि एअरवे किंवा बाईट ब्लॉक (नळी चावली जाऊ नये म्हणून दातांमध्ये ठेवायचा ठोकळा) तोंडात असेल तर तो कधी घातला व कधी बदलला, एवढे प्रत्येक पाळीच्या सिस्टरने लिहून सही करावी. यास दोन मिनिटे लागतात. जे चार्टवर असते तेच राउंडला विचारले जाते आणि जे राउंडला विचारले जाते तेच काम होते, हा आमच्या खात्यातला नियमच आहे. बाहेरगावाहून नळीसह आलेल्या रुग्णाची फीत आणि एअरवे पहिल्या पाळीतच तपासून बदलण्याची नोंदही याच ओळीत व्हावी. बेळगावात शासकीय आणि खासगी मिळून मोठी शिक्षण रुग्णालये आहेत. त्यांनी चिकोडी, अथणी, रायबाग, हुक्केरी, खानापूर येथील परिचारिकांना एखाद्या दुपारी बोलावून नळी बांधण्याची आणि तोंड तपासण्याची पद्धत हाताने करून दाखवली तर खर्च चहाचा येईल.

याला जोडूनच भाषेचा मुद्दा येतो. सीमाप्रश्नावर लिहिणारे माझ्यापेक्षा जाणकार पुष्कळ आहेत आणि या पत्रात मला त्यात शिरायचे नाही. परंतु खाटेवरची खानापूरची आजी मराठीशिवाय काही जाणत नाही, तिच्या उशाशी असलेली मुलगी केरळची किंवा विजापूरकडची, आणि संमतिपत्र कन्नड किंवा इंग्रजीत, हे चित्र रोजचे आहे. गुंगी कमी करून रुग्णाला ‘डोळे उघडा, जीभ दाखवा’ असे सांगून पाहिले जाते. सूचनाच कळली नाही तर रुग्ण अजून शुद्धीवर नाही असा समज होऊन नळी आणखी एक दिवस राहते. दुखते का, कोठे दुखते, हे विचारणारी आठ-दहा मराठी वाक्ये मोठ्या अक्षरांत आणि चित्रांसह प्रत्येक खाटेशी लावली, तर कन्नड वा मल्याळी बोलणाऱ्या मुलीही ती सहज वापरतील. त्या हुशार असतात, महिन्याभरात कामापुरते मराठी बोलू लागतात. कर्नाटकच्या खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्यात 2017 च्या दुरुस्तीने रुग्णांच्या हक्कांची सनद आली आणि उपचारांची माहिती मिळणे हा त्यातील एक हक्क आहे. न समजणाऱ्या भाषेत दिलेल्या माहितीने तो हक्क पुरा होतो असे कोणी म्हणणार नाही. महाराष्ट्र शासनाने 2023 मध्ये सीमाभागातील 865 गावांसाठी आपली जनआरोग्य योजना लागू करण्याचे ठरवले तेव्हा दोन्ही बाजूंनी बरेच बोलले गेले. खाटेवरच्या माणसाला त्याच्या भाषेत दोन शब्द विचारायला मात्र कोणत्याही सरकारची योजना लागत नाही.

भेटीच्या वेळेत नातेवाइकांनी काय करावे, असे मला विचारतात. आत गेल्यावर रडण्यात मिळालेली पाच मिनिटे संपतात. त्याऐवजी शांतपणे सिस्टरना विचारावे की आज नळीची बाजू बदलली का आणि तोंड पाहता येईल का. जीभ दातांमध्ये अडकलेली, बाहेर आलेली किंवा काळपट दिसली तर तेथल्या तेथे सांगावे, आणि डॉक्टरांची भेट होईल तेव्हा पुन्हा सांगावे. स्वतः हात लावू नये, नळी तर मुळीच हलवू नये. रुग्णाला कवळी असेल, हलणारा दात असेल, गुटख्याने तोंड आखडलेले असेल, तर ते भरती करतानाच लिहून घ्यायला लावावे. गुटख्याची सवय लाजेने लपवली जाते. भूलतज्ज्ञापासून ती लपवून काही साधत नाही.

नळी सुटून घरी आलेल्या रुग्णाविषयीही थोडे सांगणे आवश्यक आहे. जीभ उतरली तरी काही दिवस ती जड वाटते, उच्चार बोबडे येतात, चव कळत नाही. अशा माणसाला पहिल्यांदा पाणीच पाजण्याची आपली रीत आहे आणि पाणीच सर्वांत आधी ठसक्याने श्वासनळीत जाते. डॉक्टरांनी तोंडाने देण्यास परवानगी दिल्यावर ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगून, घट्टसर नाचणीची आंबील किंवा गुरगुट्या भात चमच्याने थोडा थोडा द्यावा, आणि आधीचा घास गिळला याची खात्री झाल्याशिवाय पुढचा देऊ नये. प्रत्येक घासाला ठसका लागत असेल, आवाज ओलसर घोगरा येत असेल किंवा ताप आला, तर तोंडाने देणे थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मोठ्या रुग्णालयांत बोलण्या-गिळण्याचा व्यायाम शिकवणारे तज्ज्ञ असतात. घरी सोडतानाच्या कागदावर त्यांचे नाव आणि भेटीची वेळ लिहून मागावी.

चार्टवरील ओळीचा मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांतील नमुना आणि खाटेशी लावण्याची मराठी वाक्ये मी तयार करून ठेवली आहेत. ज्या रुग्णालयांना ती हवी असतील त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवल्यास ती विनामूल्य देईन, आणि त्यात काही वैद्यकीय दुरुस्ती सुचवल्यास ती करून पुन्हा पाठवीन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका
शहापूर, बेळगाव